ग्राफिक्स कार्ड निर्दोष आहे

आमच्या विहाराच्या वरच्या माळ्यावर अभ्यासिका आहे आणि तिच्या दारावर पाटी आहे: 'येथे गेम खेळू नये.' ती पाटी मीच रंगवली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, लाल ऑइलपेंटने. 'नये'खाली दोन रेघा मारल्या. तेव्हा मला वाटायचं, खाली रेघ मारली की माणसं ऐकतात. सहा वर्षांनी त्याच पाटीमागच्या टेबलावर माझी धाकटी बहीण रोज सकाळी विमान उडवायला बसायला लागली, आणि मी दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले की हा गेम नाही.

"मग काय आहे?" स्पर्धा परीक्षेची मुलं विचारायची.

"सिम्युलेटर."

"म्हणजे गेमच ना?"

"तुझा तलाठ्याचा सराव पेपर गेम आहे का रे?"

यावर ती गप्प बसायची. लोकांना गप्प बसवणं मला जमतं. मी तेच काम करते. घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर पाणी आलं नाही, संडासाची टाकी फुटली, घरांवर नोटिसा चिकटल्या, की दुसऱ्या दिवशी माझं पत्रक दारोदारी असतं. माझं मराठी शाळेत कमी आणि पत्रकांत जास्त घडलं. पत्रकाला एकच पान असतं, एक मागणी असते आणि एक आरोपी असतो. आरोपी सापडला नाही तर पत्रक उभं राहत नाही, म्हणून मी तो शोधून काढते. ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच माझी फजिती होणार आहे.

आमची टेकडी विमानांच्या वाटेवर आहे. उतरणारी विमानं खाडीवरून येतात, आमच्या पत्र्यांवरून जातात आणि पुढे अंधेरीला टेकतात. चाकं बाहेर आलेली दिसतात. त्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून इथे सगळ्यांना थांबायची सवय आहे. भांडण चालू असलं तरी माणसं वाक्याच्या मध्ये थांबतात, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे भांडतात. बाहेरचा पाहुणा गोंधळतो. त्याला वाटतं भांडण मिटलं.

मी त्या विमानांवर चिडायचे. बहीण त्यांच्याकडे बघायची. एवढाच आमच्यात फरक. ती फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली आणि अंधेरीला एका कार्गोच्या ऑफिसात दुपारपाळीला डेटा भरायचं काम करू लागली. मग एक दिवस तिने मला न सांगता एक फॉर्म भरला. मुंबईबाहेरची एक फ्लाइंग स्कूल दरवर्षी थोड्या मुलामुलींना फुकट शिकवते. लेखी परीक्षा ती पास झाली. दुसरी फेरी प्रत्यक्षाची होती: त्यांच्या सिम्युलेटरमध्ये बसवतात, उंची धरून ठेवायला सांगतात, वळवायला सांगतात, उतरवायला सांगतात. येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

सरावासाठी आमच्याकडे होता अभ्यासिकेतला एक कॉम्प्युटर. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये इमारतींचे नकाशे काढणारं एक ऑफिस बंद पडलं, त्यांनी जुना माल काढला, तेव्हा मी तो टेम्पोत घालून आणला होता. सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा प्रोग्रॅम, जुना, पण चालू. जॉयस्टिक तिने तिच्या पगारातून सेकंडहँड घेतली. तीन आठवडे ती रोज सकाळी सातला बसायची, कानाला हेडफोन लावून, बाजूला राज्यघटनेची कलमं पाठ करणारी मुलं.

समुद्रावर तिचं विमान झकास उडायचं. खाडीवर झकास. खाडी ओलांडून आमची टेकडी आली की चित्र अडखळायचं. म्हणजे कसं, तर ती जॉयस्टिक जराशी ओढायची आणि पडद्यावर काहीच व्हायचं नाही. मग ती अजून ओढायची. तेवढ्यात यंत्राला मागचं सगळं एकदम आठवायचं आणि विमानाचं नाक आकाशात. मग ती घाबरून पुढे ढकलायची, तेही उशिरा पोचायचं. धावपट्टी समोर दिसत असताना ती कधी डावीकडे जायची, कधी उजवीकडे, आणि बऱ्याचदा पट्टीच्या अलीकडेच खाली यायची.

"आज कुठे?" मुलं विचारायची.

"कुर्ला," ती सांगायची.

"बरं झालं. जंक्शन आहे, पुढची गाडी मिळेल."

ती हसायची. पहिले दोन आठवडे हसायची. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तिने हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि मला म्हणाली, "ताई, मी त्यांना नाही म्हणून कळवते."

"का?"

"माझा हातच जड आहे गं. समुद्रावर काय, कुणीही उडवेल. उतरवताना कळतं कुणाचा हात कसा आहे ते. तिथे जाऊन हसं कशाला करून घेऊ?"

इथे मला थोडं मागे जावं लागेल. आमची आई लग्नानंतर कुर्ल्याला एका शिलाईच्या कारखान्यात लागली होती. तिची शिवण सारखी वाकडी यायची. सुपरवायझर म्हणायचा, तुझा हातच बसत नाही. तिने तीन महिने मान खाली घालून ऐकलं आणि नोकरी सोडून दिली. नंतर बाजूच्या बाईकडून कळलं की तिच्या जागेवर बसलेल्या नव्या मुलीचीही शिवण वाकडीच येत होती. मशीनच्या आतला एक भाग झिजलेला होता. आईने त्यानंतर मशीनला हात लावला नाही. आजही पोलक्याला हुक लावायचा असला तरी ती शेजारी जाते. म्हणते, माझा हात बसत नाही.

तेव्हा 'माझा हातच जड आहे' हे वाक्य माझ्या बहिणीच्या तोंडून आलं आणि माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, हात जड नाही. यंत्र वाईट आहे. आणि यंत्रात कोण वाईट आहे ते मी शोधून काढणार.

शोधायला वेळ लागला नाही. इंटरनेटवर विचारलं. अनोळखी माणसांनी दहा मिनिटांत उत्तरं दिली आणि सगळ्यांनी एकच नाव घेतलं: ग्राफिक्स कार्ड. जुनं आहे, काढून टाक, नवं घाल. अंधेरीला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथला माणूस माझं ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, कार्ड चेंज करा, मक्खन चालेल."

"नक्की? उतरताना अडखळणार नाही? गॅरंटी देता?"

"गॅरंटी आहे ना, तीन वर्षं."

"कशाची?"

"कार्डाची. विमानाची आम्ही कुठून देणार?"

मला हे तेव्हा ऐकू यायला हवं होतं. आलं नाही. आरोपी सापडला होता, पत्रक डोक्यात सुरू झालं होतं. मथळा: 'आमच्या मुलींनी अडखळतच उतरायचं का?' खाली तीन परिच्छेद, खरं सांगायचं तर जोरदार. ज्यांच्या घरी नवी यंत्रं आहेत त्यांच्या मुलांचे हात आपोआप हलके होतात आणि आमच्या मुलींना मोडक्यावर शिकून वर बोलणी खावी लागतात, असं लिहिलं. मागणी एकच: यंदाच्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या स्पीकरची एक भिंत कमी करा आणि अभ्यासिकेला नवं ग्राफिक्स कार्ड द्या. शंभर प्रती काढल्या. शनिवारी घरोघरी टाकल्या. रविवारी सकाळी वंदनेनंतर मंडळाची बैठक होती, तिला लोक नेहमीच्या दुपटीने आले. ते कार्डासाठी आले नव्हते, डीजेसाठी आले होते.

"डीजे कमी?" मिरवणुकीचं आणि डीजेचं काम बघणारा, माझ्याच वर्गातला एक जण उठला. "वेडी झालीस का तू?"

"तुझा डीजे एक दिवस वाजतो. कार्ड वर्षभर चालेल."

"आणि तुझं विमान वर्षभर पडेल."

सगळे हसले. बहीण मागच्या रांगेत बसली होती, तिने मान खाली घातली. मी पेटले. मी म्हणाले, हसा, पण उद्या हीच मुलगी वरून जाईल तेव्हा माना वर करून बघाल. टाळ्या पडल्या. टाळ्या कशा मिळवायच्या ते मला कळतं. मला वाटलं, झालं, ठराव पास.

मंडळाचे अध्यक्ष काका तेवढा वेळ माझं पत्रक वाचत होते. विक्रोळीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पत्रकाची घडी घातली आणि शांतपणे विचारलं, "कार्ड खराब आहे, कशावरून?"

"सगळे म्हणतायत काका. दुकानदार, इंटरनेटवरची माणसं..."

"सगळे आपल्याबद्दल पण पुष्कळ काय काय म्हणतात. ते मानतेस का तू?"

सभागृहात कुणीतरी 'ओहो' केलं. नेमकं तेव्हाच वरून विमान गेलं. आम्ही सगळे थांबलो. त्या विमानाइतकं हळू विमान मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सगळा वेळ काका माझ्याकडे बघत होते आणि मला डोळे कुठे ठेवायचे कळत नव्हतं.

आवाज संपल्यावर काका पुढे म्हणाले, "हे बघ पत्रकवाले, लाइनवर माल तुंबला म्हणून आम्ही लगेच मशीन बदलत नव्हतो. आधी संशयातल्या एका मशीनचं ओझं कमी करायचं. मग माल सुटतो का बघायचं. सुटला तर त्या मशीनचं बघू. ओझं कमी केलं तरी तीच बोंब, तर मशीनला कशाला शिव्या द्यायच्या? दुसरीकडे शोधायचं. आता मला तुझं ते कॉम्प्युटर काय कळत नाही. मला एवढंच सांग, ह्या कार्डाचं काम काय?"

"चित्र काढणं. पडद्यावरचं."

"मग त्याला लहानसं चित्र काढायला दे. त्याचं ओझं कमी कर. आणि बघ अडखळतं का."

मला राग आला. उगाच नाही आला, हे मला सुचायला हवं होतं म्हणून आला. नोटीस आली की मी लोकांना सांगते, कुणी सांगितलं म्हणून घर सोडू नका, कागद मागा, पुरावा मागा. आणि एका कार्डाला हाकलून द्यायला मी पुरावा मागितलाच नव्हता.

पण माघार घेतली नाही. म्हणाले, "करू या की. आत्ता करू. सगळ्यांसमोर."

मग सगळी बैठक जिना चढून वर आली. अभ्यासिकेत वीस माणसांची जागा, पन्नास घुसली. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी पुस्तकं मिटली. बहीण खुर्चीवर बसली, तिचे कान लाल झाले होते. सिम्युलेटरच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो: एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर येतात. त्याला फ्रेम म्हणतात. जास्त असल्या की विमान सरळ चालतं, कमी झाल्या की अडखळतं. आधी रोजच्यासारखं उडवलं. समुद्रावर चाळीस. टेकडीवर चौदा.

मग तिने चित्राचा आकार कमी केला. इतका कमी की धावपट्टी म्हणजे खडूने मारलेली रेघ वाटायला लागली. समुद्रावर आकडा साठाच्या वर गेला. मी काकांकडे बघितलं, बघा म्हणून. खाडी ओलांडली. टेकडी आली.

चौदा.

काकांनी पडद्याकडे वाकून आकडा दोनदा बघितला आणि म्हणाले, "कार्ड सुटलं."

स्पर्धा परीक्षेच्या मुलांपैकी एकाने, तोच तलाठीवाला, दुसरी खिडकी उघडून दाखवली. कार्ड निम्मंसुद्धा वापरलं जात नव्हतं. दुसरीकडे सगळा हिशेब करणारा प्रोसेसर होता, त्याचे चार भाग. तीन आरामात बसले होते आणि एकटा शंभर टक्के राबत होता.

"चार कामगारांत एकच काम करतोय?" काकांनी विचारलं. "हा, मग आमच्या कारखान्यातलंच खातं आहे."

आता लोकांना रस आला होता. टेकडीवरच का अडखळतं? असं काय आहे तिथे? डीजेवाला म्हणाला, विमान थांबव ना हवेत आणि खाली बघ. बहिणीने सिम्युलेटर थांबवला, नजर खाली वळवली.

आमच्या टेकडीवर बंगले होते.

लाल कौलांचे, पांढऱ्या भिंतींचे. प्रत्येकाला अंगण. अंगणात झाडं. रस्ते इतके रुंद की दोन टेम्पो आमनेसामने जातील. ज्यांनी हा सिम्युलेटर बनवला त्यांना इथे घरं आहेत एवढं माहीत होतं, कशी आहेत ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे होती ती घरं त्यांनी ओतली होती. शेकडो. हजारो असतील.

"अरे, ते आपलं घर!"

"तुझ्या घराच्या जागी तर नुसतं गवत आहे."

"लॉन म्हणतात त्याला."

"काकू, तुमच्या मोरीत स्विमिंग पूल आलाय बघा."

मी हसले नाही. मला तो आकडा दिसत होता. प्रत्येक क्षणाला ते सगळे बंगले उभे करायचे, प्रत्येकाची जागा ठरवायची, हे काम त्या एकट्या राबणाऱ्या भागाच्या डोक्यावर होतं. कार्ड बिचारं पुढचा माल कधी येतोय याची वाट बघत बसलेलं. जे बंगले आमच्या पिढ्यांना मिळाले नाहीत आणि मिळायचेही नाहीत, त्यांच्या ओझ्याखाली माझ्या बहिणीचं विमान अडखळत होतं. आणि ती म्हणत होती, माझा हात जड आहे.

"इमारती कमी करायची सोय आहे," तलाठीवाल्याने सांगितलं. "ही पट्टी डावीकडे सरकवायची."

"पाड," मी म्हणाले. "सगळे पाड."

"नोटीस दिलीस का ताई?" डीजेवाला ओरडला. "सात दिवसांची मुदत? पुनर्वसनाचं काय?"

सगळा माळा हसला आणि या वेळी मीही हसले. पाडकामाच्या बाजूने मी उभी राहिले ती आयुष्यात तेवढीच. पट्टी सरकली, बंगले गेले, टेकडी मोकळी झाली. चित्र पुन्हा मोठं केलं, कार्डाला त्याचं पूर्ण काम परत दिलं. टेकडीवर फ्रेम चौतीस.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पत्रकात मी इथेच संपवली असती. पण बहिणीने तेवढ्या लोकांसमोर विमान उतरवायला घेतलं आणि ते पूर्वीपेक्षा वाईट पडलं. चित्र आता लोण्यासारखं सरकत होतं, तरी तिने जॉयस्टिक पूर्वीसारखीच वेळेआधी ओढली, जोरात ओढली. नाक वर, मग धाडकन खाली.

कुणी विनोद केला नाही. ते जास्त वाईट होतं.

"बघितलंस?" ती मला म्हणाली, अगदी हळू. "हातच."

खोटं कशाला सांगू, एक क्षण मलाही वाटलं की आई, ही, आम्ही सगळ्याच तशा असू. काकांनी तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. "पोरी, तीन आठवडे लंगड्या घोड्यावर बसलीस तू. आता धड घोडा दिला तरी मांडी लंगड्याच्या हिशेबानेच हलणार. फिटरला मशीन बदलून दिली की पहिला जॉब हमखास भंगारात. आठवडा जाऊ दे."

"आठवडा कुठे आहे काका? शुक्रवारी कळवायचंय."

"मग शुक्रवारपर्यंत जाऊ दे."

सोमवारी ती सातऐवजी सहाला आली. मी तिच्यासोबत यायचे, दार उघडायचे, बाजूच्या टेबलावर बसून माझं काम करायचे. माझं काम म्हणजे नवं पत्रक. माझ्यासोबत मोर्चे काढणाऱ्या एका मित्राने ते वाचून हात जोडले. "चूक कुणी छापतं का गं? गप्प बस, लोक विसरतील."

"शंभर घरांत माझ्या हाताने खोटं टाकलंय. शंभर घरांत खरं टाकणार."

"विरोधकांना आयतं मिळेल."

"कोण विरोधक? डीजेवाला?"

मथळा दिला: 'ग्राफिक्स कार्ड निर्दोष आहे.' खाली लिहिलं की मी तपास न करता आरोप केला, मंडळाने तपास केला, नवं कार्ड घेतलं असतं तर ते याच टेकडीवर असंच चौदावर बसलं असतं. मागणी मागे घेते. आणि शेवटी एक ओळ, जी मित्राने खोडली आणि मी पुन्हा लिहिली: 'राग मागे घेत नाही. मोडकी यंत्रं आमच्या वाट्याला येतात आणि दोष आमच्या हातांना लागतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.' घरोघरी मीच टाकलं. लोक दारातच वाचून हसले. एका म्हाताऱ्या आजीने विचारलं, हा कार्ड कोण, कुणाचा मुलगा? मी म्हणाले, आपलाच आहे, सुटला. आजी म्हणाली, बरं झालं बाई.

एक प्रत आईला दिली. तिने सावकाश वाचली. घडी घालून डब्यांच्या फळीवर ठेवली, जिथे ती रेशनकार्ड ठेवते.

बुधवारपर्यंत बहिणीचा हात मऊ पडला. ती जॉयस्टिक ओढायची तेव्हा आता ओढल्यासारखं वाटत नव्हतं, नुसतं बोट ठेवल्यासारखं. गुरुवारी तिने लागोपाठ तीनदा विमान उतरवलं आणि मुलांनी पुस्तकातून मान वर न करता विचारलं, "आज कुठे?"

"अंधेरी."

"मग रिक्षा नाही मिळणार."

पण तिने अजून त्यांना कळवलं नव्हतं. मी विचारलं की म्हणायची, बघू. माझ्या तोंडावर दहा वाक्यं आली आणि मी दहाही गिळली. त्या आठवड्यात मी एवढंच एक शहाणपण केलं.

शुक्रवारी सकाळी काका आले होते, डीजेवालाही आला होता, उगाच, जिन्यात कोपऱ्यात उभा. बहिणीने खुर्ची ओढली आणि मला म्हणाली, "बंगले परत आण."

"काय?"

"पट्टी उजवीकडे कर. सगळे उभे कर."

"डोकं फिरलंय का तुझं? आज उत्तर द्यायचंय. आज पुन्हा चौदावर जायचंय तुला?"

"ताई, कर म्हणते ना."

मी पट्टी सरकवली. टेकडीवर कौलं आली, अंगणं आली, काकूंचा पूल आला. तिने समुद्रावरून वळण घेतलं, खाडी धरली. सदतीस. अठ्ठावीस. एकोणीस. चौदा. चित्र अडखळायला लागलं, तसंच, रोजच्यासारखंच. मी टेबलाची कड धरली. तिने जॉयस्टिक जराशी ओढली आणि थांबली. पडद्यावर काही झालं नाही. ती तशीच थांबली, अजून ओढली नाही. यंत्राने मागचं आठवलं, नाक तेवढंच वर आलं. पुन्हा जराशी. पुन्हा थांबली. नेमकं तेव्हाच आमच्या खऱ्या पत्र्यांवरून खरं विमान आलं आणि माळ्यावरचे आम्ही सगळे सवयीने थांबलो, कुणी पान उलटता उलटता, डीजेवाला तर एक पाय वरच्या पायरीवर ठेवून. तीच एकटी थांबली नाही. त्या आवाजात, त्या तुटक्या चित्रात, बंगल्यांवरून तिने विमान खाली आणलं. एकदा आपटलं. दुसऱ्यांदा टेकलं आणि धावपट्टीवर सरळ धावत जाऊन थांबलं.

वरचा आवाज गेला. तिने हेडफोन काढले.

"तो अडखळतो," ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मी नाही."

काकांनी नुसती मान हलवली, एखादा जॉब मापात बसल्यावर फिटर हलवतो तशी, आणि खाली निघून गेले. तिने फोन घेतला आणि त्या लोकांना मेल लिहायला बसली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. मी म्हणाले, यात एक ओळ टाक, की आम्ही कुठल्या परिस्थितीतून येतोय, कसल्या मशीनवर सराव केलाय, त्यांनाही कळू दे. हवं तर मी लिहून देते, दोन मिनिटांत.

"ताई, हे पत्रक नाही."

"अगं पण..."

"मी येतेय, एवढं पुरे आहे." आणि तिने तेवढंच लिहून पाठवलं.